माशाच्या पोटातील समुद्र



केडगावात येऊन समुद्राविषयी बोलावयाचे म्हणजे थोडे धाडसच आहे. आज दुपारी स्टेशनवर उतरलो, तेव्हा मला न्यावयास आलेल्या गृहस्थांनी विषय विचारला. 'खोल समुद्रातील माशांचे परोपजीवी' असे मी म्हणताच ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "सर, आमच्याकडे कांदा आहे, ऊस आहे, मेंढरे आहेत. समुद्र तेवढा नाही." त्यांचे म्हणणे अगदी खरे. शिवाय मी ज्या समुद्राविषयी बोलणार आहे, तो मुंबईच्या चौपाटीवर उभे राहिले तरी दिसत नाही. पण बोलता बोलता त्यांनी मेंढरांचे नाव घेतले, आणि माझे काम सोपे करून टाकले. तेव्हा आपण मेंढरांपासूनच आरंभ करू.

परोपजीवी म्हणजे दुसऱ्याच्या जिवावर जगणारा जीव. आंब्यावरचे बांडगूळ, बैलाच्या कानातली गोचीड आणि लेकराच्या पोटातले जंत ही सगळी त्याचीच उदाहरणे. मेंढीच्या काळजात एक चपटा, पानासारखा किडा होतो. ज्यांच्या घरी मेंढरे आहेत त्यांनी तो पाहिला असेल. मेंढी खंगते, जबड्याखाली सूज येते, आणि कापल्यावर काळजातून हे किडे निघतात. या किड्याचे चरित्र मोठे चमत्कारिक आहे. त्याची अंडी लेंड्यांवाटे बाहेर पडतात. ती पाण्यात गेली तरच फुटतात. त्यातून निघालेली सूक्ष्म अळी पाण्यातल्या एका विशिष्ट जातीच्या गोगलगाईच्या अंगात शिरते आणि तेथे एकीच्या अनेक होतात. मग त्या बाहेर पडून काठच्या गवताला चिकटून बसतात. ते गवत मेंढीने खाल्ले की पुन्हा काळीज, पुन्हा अंडी. यातला एक जरी दुवा तुटला तरी किड्याचा वंश खुंटला. कोरड्या माळावर, जेथे ही गोगलगाय नाही, तेथे हा किडाही नाही.

आता याची उलट बाजू पाहा. बाजारात कापलेल्या मेंढीच्या काळजात हा किडा सापडला, तर ती मेंढी कधी ना कधी पाणथळ जागी चरली आहे आणि त्या जागी ती गोगलगाय होती, हे मी पाहिल्यावाचून सांगू शकतो. मालक काहीही सांगो. किडा हा साक्षीदार आहे, आणि तो खोटे बोलत नाही.

हे एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुढचे सारे सोपे आहे. माळावर आपण स्वतः जाऊन गोगलगाय शोधू शकतो. पण जेथे माणूस जाऊच शकत नाही, तेथे काय करायचे?

समुद्राची सरासरी खोली सुमारे ३,७०० मीटर आहे. आपल्या महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई, १,६४६ मीटर. अशी दोन कळसूबाई एकावर एक ठेवली तरी वर चारशे मीटर पाणी उरते. दोनशे मीटरच्या खाली उजेड इतका मंदावतो की वनस्पती वाढत नाही, आणि हजार मीटरच्या खाली सूर्यप्रकाश नावालाही पोहोचत नाही. दर दहा मीटरला एका वातावरणाचा दाब वाढत जातो. तेथली थंडी माघातल्या पहाटेहून कडक, आणि तीही बारमाही. अन्न म्हणजे वरून झिरपणारा कचरा, मेलेले जीव, आणि एकमेक. अशा ठिकाणी माणूस पाणबुडीत बसून काही तास जातो, दिव्याच्या झोतात चार पावले पाहतो आणि परत येतो. ज्वारीचे शेत काडेपेटीच्या उजेडात पाहण्यासारखेच हे.

आपल्या कोकणकिनाऱ्याची गोष्ट आणखी निराळी. मुंबईसमोर समुद्राचा तळ एकदम खोल जात नाही. उथळ पाण्याचा जणू एक रुंद ओटा आहे, आणि त्याची कड सुमारे तीनशे किलोमीटर दूर आहे. इथून मुंबई जितकी लांब त्याहूनही ती कड मुंबईपासून लांब. म्हणून आपण बाजारात पाहतो ते पापलेट, बोंबील, मांदेली, सारे या ओट्यावरचे रहिवासी. दक्षिणेकडे हा ओटा अरुंद होत जातो. केरळात कोल्लमसमोर खोल पाणी किनाऱ्याच्या पुष्कळ जवळ येते, आणि गेल्या शतकाच्या अखेरीपासून तेथले ट्रॉलर खोल पाण्यातल्या कोळंबीच्या मागे जाऊ लागले. कोळंबीबरोबर जाळ्यात नको असलेले मासेही येतात. त्यांत एक हिरव्या डोळ्यांचा लहानसा मासा असतो. अंधुक उजेडात पाहता यावे म्हणून त्याचे डोळे मोठे आणि हिरवट चमकणारे. बाजारात त्याला फारशी किंमत नाही.

या बिनकिमतीच्या माशाच्या कल्ल्यांत संशोधकांना एक किडा सापडला. २०२५ साली त्याची बातमी वर्तमानपत्रांतून आली, कारण त्याचे नाव! आयसोपॉड म्हणून जो प्राणिवर्ग आहे त्यातले नील ब्रूस हे ख्यातनाम तज्ज्ञ. त्यांचे नाव आणि आपल्या अवकाश संस्थेचे नाव जोडून या जीवाला 'ब्रूसिथोआ इस्रो' म्हटले गेले. जाती नवी, आणि प्रजातीही नवी. लांबी जेमतेम दोन सेंटिमीटर. चंद्रावर यान पाठविणाऱ्या संस्थेचे नाव समुद्राच्या अंधारातल्या, माशाच्या कल्ल्यात बसलेल्या किड्याला मिळावे, यात मला काही विनोद दिसत नाही. दोन्ही ठिकाणी आपण सारखेच नवखे आहोत.

आयसोपॉड म्हणजे काय, हे समजण्यास समुद्रावर जावे लागत नाही. परसातली ओली वीट उचलली की खाली करड्या रंगाचे, पुष्कळ पायांचे, खवल्याखवल्यांचे लहान किडे पळताना दिसतात. काही हात लावताच गोळी होऊन बसतात. तेच याचे जमिनीवरचे भाऊबंद. समुद्रात या घराण्याने नाना व्यवसाय पत्करले आहेत. कोणी मेलेले खाऊन जगतो, कोणी माशाच्या कल्ल्यात घर करतो. यांच्यातली एक जात अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडे आढळते. ती माशाच्या तोंडात शिरून त्याची जीभ पकडते. जिभेचे रक्त शोषल्याने जीभ झडून जाते, आणि मग हा किडा स्वतःच जिभेच्या खुंटाला चिकटून जिभेचे काम करू लागतो! मासा त्याच्यावर अन्न दाबून गिळतो. १९८३ साली शास्त्रज्ञांनी हे नीट तपासून लिहिले, तेव्हा अनेकांना खरे वाटेना. या कुळातली आणखी एक तऱ्हा: प्रत्येक जण आयुष्याचा आरंभ नर म्हणून करतो. पहिला येऊन स्थिरावलेला पुढे मादी होतो, मागून आलेला नर राहतो. अथांग अंधारात वधूसंशोधनास निघणे परवडणारे नाही. त्यापेक्षा घर आधी मिळवावे, मग कोण काय ते ठरवावे, असा हा व्यवहार आहे.

याच घराण्यातला एक भीमकाय, वीतभराहून मोठा, मुक्त जगणारा प्राणी खोल समुद्राच्या तळावर फिरतो. तो प्रथम १८७९ च्या सुमारास मेक्सिकोच्या आखातात मिळाला आणि नंतर बंगालच्या उपसागरात. बंगालच्या उपसागरातून तो वर काढणाऱ्या जहाजाचे नाव 'इन्व्हेस्टिगेटर', आणि ते बांधले गेले होते आपल्या मुंबईच्या गोदीत, १८८१ साली. लाकडी, चाकांचे आगबोटवजा जहाज. काम समुद्राचे नकाशे करण्याचे. पण त्यावर एक डॉक्टर नेमलेला असे आणि त्याने फावल्या वेळात प्राणी गोळा करावेत अशी योजना होती. १८८८ पासून काही वर्षे या जागेवर आल्कॉक नावाचे डॉक्टर होते. त्यांनी आपल्या समुद्रांतले खोल पाण्यातले मासे, खेकडे, कोळंब्या यांची जी वर्णने लिहिली, त्यांवाचून आजही या विषयात पाऊल टाकता येत नाही. या जहाजाकडे आपण शेवटी पुन्हा येऊ.

आता मुख्य प्रश्न. खोल समुद्रात परोपजीवी असावेत का? तर्काने पाहिले तर नसावेत. मेंढीच्या किड्याला गोगलगाय लागते, गवत लागते, मेंढी लागते. तीनही एका जागी भेटली पाहिजेत. खोल पाण्यात जीव विरळ. अंड्यातून निघालेल्या अळीला त्या काळोखात तिची गोगलगाय भेटणार कशी? १९३४ साली मँटर नावाच्या अमेरिकन प्राध्यापकाने फ्लॉरिडाजवळ हजार मीटरच्या आसपासपर्यंतचे मासे वर काढून त्यांची आतडी उघडली. त्यात चपटे किडे निघाले. विशेष असे की वरच्या उबदार पाण्यातल्या माशांतले किडे वेगळे, आणि खालच्या थंड पाण्यातले किडे दूर उत्तरेकडच्या थंड समुद्रातल्या किड्यांचे सगेसोयरे. महाबळेश्वरी चढून गेल्यावर खालच्या गावात न दिसणारी झाडे दिसावीत, तसे. उंचीने जे होते तेच खोलीने.

पुढे इतरांनी अधिक खाली जाऊन पाहिले. असे दिसले की चपट्या किड्यांच्या जाती खोलीबरोबर कमी कमी होत जातात. ज्यांना आपला दुवा गवसला तेवढेच उरतात. त्यातही एक भेद स्पष्ट झाला. जे मासे तळाशी राहतात, चिखल उकरतात, भेटेल ते खातात, त्यांच्या पोटात परोपजीवी भरपूर. लांब निमुळत्या शेपटीचे काही मासे आहेत, त्यांना इंग्रजीत उंदीरशेपट्या म्हणतात, त्यांच्या पोटात तर अनेक जातींचा मेळाच असतो. उलट जे मासे तळ आणि पृष्ठभाग यांच्या मध्ये, अधांतरी पोहत आयुष्य काढतात, ते बरेचसे मोकळे. कारण उघड आहे. तळावर गोगलगाई आहेत, किडे आहेत, शिंपले आहेत, कोळंब्या आहेत, वस्ती आहे. मध्ये ओसाड आहे. म्हणजे माशाचे आतडे उघडून आपण न पाहिलेल्या तळावरची वस्ती मोजली! मेंढीचे काळीज पाहून माळ ओळखावा, तसेच हे झाले.

येथे थोडे विषयांतर करण्याची परवानगी घेतो, कारण ही हकीकत सांगितल्यावाचून मला राहवत नाही. कपाळावर काठीसारखा अवयव आणि त्याच्या टोकाला दिवा, असा एक मासा खोल पाण्यात असतो. त्या दिव्याने तो भक्ष्याला भुलवितो. १९२२ साली आइसलंडमधील सेमुंड्सन यांना या जातीची एक मोठी मादी मिळाली. तिच्या अंगाला दोन लहान मासे तोंडाने चिकटलेले होते. ती तिची पिले असावीत असे त्यांनी लिहिले. १९२५ मध्ये लंडनच्या टेट रीगन यांनी अशाच एका चिकटलेल्या माशाची चिरफाड केली आणि पाहिले तो काय, ते पिल्लू नव्हे, नवरा! आयुष्यात एकदा मादी भेटली की हा बोटाएवढा नर तिला चावा घेतो तो कायमचा. दोघांची कातडी एक होते, रक्तवाहिन्या जुळतात, तिच्या रक्तावर तो पोसला जातो. म्हणजे येथे माशावरचा परोपजीवी दुसरा कोणी नसून तिचा पतीच आहे. (भगिनीवर्गात काही हास्य झालेले दिसते, त्यावर मी भाष्य करीत नाही.)

पण यातला खरा पेच हसण्यावारी नेण्यासारखा नाही. माणसाला दुसऱ्याचे मूत्रपिंड बसविले तर शरीर ते परके म्हणून झुगारू पाहते. रोग्याला जन्मभर औषधे घ्यावी लागतात. मग ही मादी परका जीव अंगात कसा मुरवून घेते? २०२० साली जर्मनी आणि अमेरिका येथील संशोधकांनी या माशांची आनुवंशिक द्रव्ये तपासली. ज्या जातींत नर कायमचा चिकटतो, त्यांनी परक्याला ओळखून त्याच्याशी लढण्याच्या यंत्रणेतले महत्त्वाचे भाग गमावलेले आढळले. असली यंत्रणा गेली तर आपण रोगाने मरू. हे मासे जगतात. कसे जगतात हे अद्याप उलगडावयाचे आहे, आणि ते उलगडले तर वैद्यकाला त्याचा उपयोग होईल असे शास्त्रज्ञांना वाटते.

असो. आता आपल्या ताटाकडे येऊ.

मी पुण्यात विद्यार्थी असताना आमच्या प्राध्यापकांनी आम्हांला मासळीबाजारात पाठविले होते. मासे नव्हे, आतडी आणावयास! कोळीणबाईंनी आम्हांला वेड्यात काढले, पण डबाभर आतडी फुकट दिली. प्रयोगशाळेत ती पसरली तेव्हा एका माशाच्या काळजावर पांढऱ्या, घड्याळाच्या स्प्रिंगसारख्या गुंडाळ्या दिसल्या. चिमट्याने उलगडल्या तर दोन-तीन सेंटिमीटरचा जंत. तो वळवळू लागला. माझ्या शेजारचा विद्यार्थी त्यानंतर सहा महिने मासे खात नव्हता.

समुद्रातल्या माशांत असा गुंडाळीचा जंत दिसला की पहिला संशय ज्या कुळाचा यावा ते कुळ अ‍ॅनिसाकिस. त्याची गोष्ट आपल्या नारूशी ताडून पाहण्यासारखी आहे. येथे बसलेल्या वडीलधाऱ्या मंडळींनी नारू पाहिला असेल, निदान ऐकला तरी असेल. पायऱ्यांच्या विहिरीत नारूचा रोगी पाय बुडवी. जखमेतून नारूची पिले पाण्यात पडत. पाण्यातली डोळ्यांना जेमतेम दिसणारी पिसू ती गिळी. तेच पाणी माणूस पिई. आणि वर्षभराने हातभर लांबीचा जंत पायातून बाहेर येई. काडीला गुंडाळून तो रोज थोडा थोडा ओढून काढावा लागे. नारूवर औषध कधीच सापडले नाही. तरीही तो गेला. पाणी फडक्याने गाळले, पायऱ्यांच्या विहिरी बंद केल्या किंवा बदलल्या, साखळीतला पिसूचा दुवा तोडला. भारतात नारूचा शेवटचा रोगी १९९६ च्या जुलैत राजस्थानात आढळला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने देश नारूमुक्त झाल्याचे प्रमाणपत्र दिले.

अ‍ॅनिसाकिसची साखळी अशीच, फक्त विहिरीच्या जागी महासागर. पूर्ण वाढलेला जंत देवमाशाच्या किंवा डॉल्फिनच्या जठरात राहतो. अंडी त्याच्या विष्ठेतून समुद्रात पडतात. त्यातली अळी आपल्या जवळ्यासारखे लहान कोळंबीवर्गीय प्राणी गिळतात, त्यांना मासे गिळतात. माशाच्या पोटात ही अळी वाढत नाही. गुंडाळी करून वाट पाहत बसते. लहान माशाला मोठ्याने खाल्ले तर ती मोठ्यात जाऊन पुन्हा वाट पाहते. म्हणून म्हाताऱ्या, मोठ्या माशात त्या साठत जातात. पोर्तुगालच्या मदेरा बेटाजवळ पुष्कळ खोल पाण्यातून काळा, पात्यासारखा लांब मासा काढतात. तो या अळ्यांनी भरलेला असतो. शेवटी असा एखादा मासा देवमाशाने खाल्ला की वाट पाहणे संपते.

तर मग माशात ही अळी मिळाली, याचा अर्थ काय? त्या पाण्यातून देवमासे किंवा डॉल्फिन जात आहेत. २०२३ च्या नोव्हेंबरात गणपतीपुळ्याच्या वाळूवर देवमाशाचे एक पिल्लू येऊन पडले होते, तेव्हा कोठकोठून माणसे धावली. आपल्या किनाऱ्याबाहेर देवमासे आहेत हे अनेकांना त्या दिवशी प्रथम कळले. माशांच्या पोटातल्या अळ्यांना ते केव्हाचेच ठाऊक आहे.

माणूस या साखळीत चुकून येतो. नेदरलंडमध्ये हेरिंग मासा जवळजवळ कच्चा, थोडे मीठ लावून खाण्याची चाल आहे. तेथे १९५५ च्या सुमारास पोटात असह्य कळा येणारे रोगी येऊ लागले. शस्त्रक्रिया केली तर आतड्याच्या सुजेत हा जंत रुतलेला. १९६० साली तेथल्या डॉक्टरांनी कारण प्रसिद्ध केले आणि १९६८ पासून हेरिंग विकण्यापूर्वी गोठविण्याचा कायदा झाला. त्यानंतर तेथला रोग जवळपास नाहीसा झाला. जपानात कच्चा मासा हे मोठे पक्वान्न, त्यामुळे तेथे मात्र डॉक्टर नळी घालून पोटातून हे जंत आजही काढत असतात.

परोपजीवींच्या साक्षीचा व्यवहारात उपयोग होतो तो असा. अटलांटिकच्या खोल पाण्यात लाल रंगाचा एक मासा मोठ्या प्रमाणावर पकडतात. त्याच्यावर एक विचित्र जीव वाढतो; डोके माशाच्या मांसात पुरलेले, धड आणि अंड्यांच्या माळा बाहेर लोंबत असलेल्या. अगदी बांडगूळ. १९३० नंतरच्या वर्षांत अमेरिकन शास्त्रज्ञांनी पाहिले की हे बांडगूळ एका भागातल्या माशांवर पुष्कळ, शेजारच्या भागातल्या माशांवर क्वचित. म्हणजे दोन्हीकडचे मासे एकमेकांत मिसळत नाहीत. एकीकडचे मासे संपविले तर दुसरीकडून भरपाई होणार नाही. खोल पाण्यातला मासा वर आणून, चिठ्ठी बांधून परत सोडावा म्हटले तर तो दाबाच्या फरकाने वाटेतच मरतो. निसर्गानेच बांधलेली ही चिठ्ठी वाचावी लागते.

आपल्याकडेही हे वाचणारे झाले आहेत. संभाजीनगरच्या, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादच्या विद्यापीठात गोदावरीखोऱ्यातल्या माशांच्या पट्टकृमींवर अनेक वर्षे कष्टाचे काम झाले. पण ते गोड्या पाण्याचे. खोल समुद्रासाठी 'सागर संपदा' हे १९८४ साली बांधलेले जहाज आहे, १९६६ साली स्थापन झालेली समुद्रविज्ञान संस्था गोव्यात आहे. तरीही माशाचे आतडे उघडून बसणारी माणसे मोजकीच. हे काम दुर्गंधीचे, वेळखाऊ, आणि त्यात छायाचित्रे चांगली येत नाहीत.

घाई करण्याचे कारण आहे. १९८१ च्या जानेवारीत 'गवेषणी' जहाजाने हिंदी महासागराच्या तळावरून धातूंचे गोळे वर आणले. बटाट्याएवढे काळे गोळे. त्यात मँगनीज, निकेल, तांबे, कोबाल्ट. पाच हजार मीटर खोलीवरचा ७५,००० चौरस किलोमीटर तळ भारताच्या वाट्याला आला आहे, आणि २०२१ साली केंद्र सरकारने खोल समुद्राच्या मोहिमेसाठी ४,०७७ कोटी रुपये मंजूर केले. देशाला धातू हवेत, हे मी नाकारत नाही. पण ते गोळे उचलताना तळाचा चिखल ढवळणार. नांगर घालण्यापूर्वी शेतात काय उगवले होते याची नोंद नसेल, तर नांगरल्यावर काय गेले हे कोणाला सांगता येईल? आणि तळावर काय आहे, याची सर्वांत स्वस्त नोंद तेथल्या माशांच्या पोटात आहे.

अशी नोंद किती मोलाची ठरते, याचा एक दाखला देतो. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सिअ‍ॅटलजवळच्या खाडीतले मासे तेथल्या संग्रहालयात १८८० पासून बरण्यांत घालून ठेवलेले होते. एका संशोधिकेने आपल्या सहकाऱ्यांसह असे ६९९ मासे उघडून त्यांतले १७,२५९ परोपजीवी मोजले. २०२३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. ज्या परोपजीवींना तीन किंवा अधिक यजमान लागतात, त्यांची संख्या समुद्राचे तापमान एका अंशाने वाढले की ३८ टक्क्यांनी घटत गेली होती. परोपजीवी कमी झाले, बरेच झाले, असे आपणांस वाटेल. पण मेंढीचा किडा माळावरून नाहीसा झाला, तर पहिला प्रश्न असा विचारावा लागतो की गोगलगाय कोठे गेली? पाणी कोठे गेले?

आता 'इन्व्हेस्टिगेटर'कडे परत येतो. मुंबईच्या गोदीत बांधलेल्या त्या जहाजाने गोळा केलेले प्राणी कलकत्त्याला गेले, आणि १९१६ मध्ये तेथे जी प्राणिसर्वेक्षण संस्था स्थापन झाली तिच्याकडे तो वारसा आला. आल्कॉकसाहेबांच्या वेळचा मासा बरणीत असेल, तर त्याच्यासोबत त्याचे आतडे आहे, त्याचे कल्ले आहेत, आणि चिठ्ठीवर तारीख, ठिकाण व खोली आहे. आपल्या समुद्राची सव्वाशे वर्षांपूर्वीची साक्ष. मला कोणी विचारले की तुम्हांला काय हवे, तर मी म्हणेन, दोन तरुण, एक सूक्ष्मदर्शक, आणि त्या बरण्या उघडण्याची परवानगी.

एका भगिनीने चिठ्ठी पाठविली आहे. त्या विचारतात, "माशात जंत निघाला तर मासा टाकून द्यावा का?" फार चांगला प्रश्न. नाही, टाकू नये. आपले कालवण खळखळ उकळते, त्यात हा जंत वाचत नाही. साठ अंशाच्या वर आतपर्यंत शिजले की तो मेला. मीठ, लिंबू किंवा व्हिनेगर यांवर मात्र विसंबू नये. मासा आणल्यावर लगेच पोट साफ करावे, कारण मासा मेल्यावर अळ्या आतड्यातून मांसात शिरतात. ज्यांना असा मासा शिजवून खाल्ल्यावरही अंगावर पित्त उठते, त्यांनी तो टाळावा. काहींना मेलेल्या जंताचेही वावडे असते. कल्ल्यात पुष्कळ पायांचा किडा दिसला तर तो माणसाला काही करत नाही, काढून टाकला म्हणजे झाले. हे सारे समुद्राच्या माशाचे. पण आपल्या भीमेतला किंवा उजनीतला मासाही नीट शिजवूनच खावा. आणि काढलेला किडा गटारात न फेकता एका लहान बाटलीत घालून शाळेतल्या विज्ञानाच्या मास्तरांकडे द्यावा. चिठ्ठीवर मासा कोणता, कोठला आणि तारीख कोणती, एवढे लिहायला विसरू नका.